तिसऱ्या ओढ्यावरची डुरकी

तायहापे,
९ फेब्रुवारी १९९८

नेव्हिल,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी! अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीला पत्र लिहायचं, त्यातली दीड ओळ हवेवर आणि बायको गेल्याचं अर्ध्या ओळीत. मार्लीनचं आणि माझं कधी पटलं नाही, हे काही गुपित नाही. पण ती गेल्याचं वाचून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. कळवलं असतंस तर समुद्र ओलांडून मातीला आले असते. आईच्या वेळी तू नुसतं फुलांचं चक्र पाठवलंस, म्हणून मीही तसंच करीन असं समजू नकोस.

आता मुद्द्याचं. तुला ऑस्ट्रेलिया सोडून घरी यायचंय. रुआहिनेच्या डोंगरात जंगल खात्यानं हरणं कमी करायला टोळी लावलीय, तिच्यात तुला काम मिळतंय. त्यासाठी काढून घेतलेला बंदुकीचा परवाना परत हवा, आणि अर्जावर जवळच्या एका नातेवाइकाचं नाव लागतं. मार्लीन नाही, आई-बाबा नाहीत, मूलबाळ नाही. उरले कोण? मी. ज्या बाईच्या खांद्यात तू गोळी घातलीस, तिनंच लिहून द्यायचं की हा माणूस बंदूक बाळगायला लायक आहे. वा रे वा! तुझ्या धिटाईला मानलं.

सही देईन की नाही ते आत्ता सांगत नाही. विचार करू दे.

‘रायफल कोणती घ्यावी’ हे मात्र विचारलंस ते बरं केलंस. त्याचं उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. ३०८ घे. आखूड नळीची, अठरा इंचांच्या वर एक बोटही नको. तुला काम करायचंय बीच वृक्षांच्या दाट झाडीत, तिथे चाळीस-साठ पावलांवर हरीण दिसतं आणि दोन श्वासांत नाहीसं होतं. लांब नळी घेऊन गेलास तर अर्धा दिवस वेली सोडवण्यात जाईल. गोळी वजनाला दीडशे ग्रेनची, मऊ शिशाच्या टोकाची. हलकी आणि सुसाट गोळी फऱ्याच्या हाडावर फुटते, वरवर खड्डा पाडते, आणि जनावर तसंच पळून दरीत कुठेतरी दोन दिवस मरत पडतं. तसलं पाप आपल्या घरात कोणी केलेलं नाही. आणि ‘जड गोळी झुडपातून सरळ जाते’ असं कोणी सांगितलं तर त्याला माझं नाव सांग. झुडपात प्रत्येक गोळी वाकते. झुडूप टाळायचं असतं.

तुझी बहीण,
रेविन

तायहापे,
१ मार्च

नेव्हिल,

मॅग्नम? तीनशे मॅग्नम? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

गिप्सलँडमधला तुझा तो दोस्त सांबरावर मॅग्नम चालवतो, चालवू दे. सांबर बैलाएवढं असतं, आणि तुमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर मारतात. तुला इथे मारायच्यात लाल हरणांच्या माद्या, दिवसाला आठ-दहा. शिंगं भिंतीवर लावायला कोणी पगार देत नाही. मॅग्नमचा धक्का दिवसातून दहा वेळा खाल्लास की तिसऱ्या दिवशी चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागेल, आणि डोळे मिटून झाडलेली गोळी कुठे जाते हे तुला आणि मला वेगळं सांगायला नको.

वरच्या उघड्या गवतात काम पडलं तर २७० वापर. गोळी एकशे तीस ग्रेनची, शंभर मीटरवर दीड इंच वर लागेल अशी दुर्बीण बसवून ठेवलेली. अडीचशेपर्यंत दुर्बिणीचा काटा नुसता फऱ्याच्या मागे धरायचा, आकडेमोड नाही. पण पहिली रायफल ३०८च. माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या टेबलावर एक जुनी पडलीय, परवा तिची नळी कापून अठरा इंचांवर आणली. दस्ताही दोन बोटं लांबवला, कारण तुझे हात माकडासारखे. याचा अर्थ मी सही देतेय असा काढू नकोस. मला वेळ होता, म्हणून केलं.

माणसं म्हणतात, ही हरणं बिचारी. बिचारी कसली! इंग्रज साहेबानं शिकारीच्या हौसेपायी बोटीतून आणली आणि शंभर वर्षांत अर्धं जंगल चरून टाकलं. डोंगर उघडे पडले, दरडी कोसळतात. आपले पणजोबाही बोटीतूनच आले म्हणा, आणि त्यांनीही काही कमी झाडं पाडली नाहीत, पण तो विषय वेगळा.

तू लिहितोस, ‘रेव, हो की नाही एवढंच कळव, मागचं उकरायला नको.’ मागचं मी कशाला उकरू? मागचं तर सगळ्या तालुक्याला पाठ आहे. दर हिवाळ्यात मी क्लबात नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घेते, ठाऊक आहे ना तुला? शाळांतूनही बोलावतात. बटण काढून खांद्याचा वण दाखवते आणि सांगते: डुरकीचे दिवस होते, माजावर आलेले नर डुरकतात तो एप्रिल महिना. मी आणि माझा भाऊ डोंगरात. ठरलं होतं की तिसऱ्या ओढ्याच्या पलीकडे मी आणि अलीकडे तो. नराला चिडवून जवळ आणायला मी त्याच्यासारखी डुरकी काढत होते. भाऊ ओढा ओलांडून आला, झाडीत तपकिरी काहीतरी हललं आणि त्यानं गोळी झाडली. मग सगळ्यांकडून म्हणून घेते: ‘आधी बघा, मग ओळखा, मग पुन्हा बघा.’ आता सांग, यातलं खोटं काय आहे?

ओढा तू ओलांडलास, नेव्हिल. न्यायाधीशासमोर तूच मान्य केलंस.

रेविन

तायहापे,
२० मार्च

नेव्ह,

तू एवढंच लिहिलंस: ‘मी ओढा ओलांडला, खरं आहे.’ बस. ना कांगावा, ना रडगाणं. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

तेव्हा ऐक. ओढा मीही ओलांडला होता.

ठरल्याप्रमाणे मी पलीकडे होते. साडेसातच्या सुमाराला खालून डुरकी आली. काय डुरकी होती! खर्जातली, शेवटी दोनदा खोकल्यासारखी तुटणारी. आठ-दहा वर्षांचा नर, भरलेल्या मानेचा, माद्यांचा कळप राखून असलेला, असं मी मनाशी धरलं. मी उत्तर दिलं. तो आणखी चिडून डुरकला. मग काय, मला राहवतंय होय? उतरले, ओढा ओलांडला, अलीकडच्या पाणवठ्याशी येऊन बसले. म्हणजे तू तुझ्या हद्दीत होतास आणि मी तुझ्या हद्दीत घुसले. तू पुढे आलास तो तसाच, माझ्या डुरकीमागे. मी पार झाले होते हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला वाटलं तूच ओलांडलास. तिथे ओढा वळतो ना, दोन फाटे होतात. तू ओलांडलास तो नुसता फाटा होता, मुख्य ओढा नव्हे.

आपल्या दोघांना डुरकी शिकवली बाबांनी, सांडपाण्याच्या पाइपच्या एकाच तुकड्यात तोंड घालून. तो शेवटचा दोनदा खोकला बाबांचाच. पूर्ण खोऱ्यात तसं डुरकणारी माणसं दोनच, तू आणि मी. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा नर बाबांसारखा कसा काय खोकतो! इतके आपण माजावर आलेल्या नरापेक्षा खुळे. बाबा असते तर दोघांना एकाच छडीनं झोडपलं असतं.

आणखी एक. वर्गात मी कधी सांगत नाही की गोळी लागल्यावर तू मला पाठीवर टाकून साडेतीन तास खाली आणलंस. तुझा सदरा फाडून माझ्या खांद्यात कोंबला होतास आणि सारखा बडबडत होतास, ‘रेव, झोपू नको, शिव्या दे मला, शिव्या दे.’ मी दिल्या. त्या मात्र आठवतात.

तुझ्या अर्जावर माझं नाव घाल. मी हो म्हणते. पोलिसांकडून चौकशीला बाई येईल, तिला मी बघून घेते. इथे माझ्या शब्दाला वजन आहे.

रेव

तायहापे,
४ एप्रिल

नेव्ह,

आज बाई येऊन गेली. ग्लेनिस पोहातू तिचं नाव. आधी पोलिसात होती, आता परवान्यांच्या चौकश्या करते. तिचा थोरला माझ्याच वर्गात शिकला. मी चीज घालून स्कोनचे छोटे पाव भाजले होते, ठेवणीतले कप काढले होते. म्हटलं, ओळखीचं माणूस आहे, दहा मिनिटांत उरकेल.

“तुझ्या भावाबद्दल तुझं मत काय, रेविन?”

“गाढव आहे. पण नेम चांगला आहे.”

“तीच तर पंचाईत आहे ना!” ती हसली, मीही हसले. मग तिनं वही उघडली. “तुझ्या घरात बंदुका आहेत. तो इथेच राहणार. भीती नाही वाटत?”

“कशाची भीती? त्या दिवशी त्याच्या जागी कोणीही गोळी झाडली असती.”

“कोणीही?”

“बरं, पुष्कळांनी.”

तिनं पेन खाली ठेवलं. “हे बघ, तू गेली अकरा वर्षं आमच्या पोरांना काय शिकवतेस? ‘नीट न बघता चाप ओढणारा माणूस बंदुकीच्या लायकीचा नाही.’ तुझंच वाक्य. आमच्या थोरल्यानं कागदावर लिहून बंदुकीच्या कपाटावर चिकटवलंय. तुझ्या भावानं न बघता चाप ओढला, त्यानंच कबूल केलंय. आता तूच सांग, मी काय लिहू? तू आज बहीण म्हणून बोलतेस की मास्तरीण म्हणून?”

नेव्ह, मी कोणापुढे गप्प बसणारी बाई नव्हे. न्यायाधीशापुढे बोलले, मंत्री आला होता त्याच्यापुढे बोलले. आज मी बशी पुढे सरकवली. मी म्हटलं, “स्कोन घे की आणखी एक.” ती म्हणाली, “सोमवारपर्यंत सांग. पण खरं सांगायचं तर, अर्ज नामंजूर व्हायच्याच बेतात आहे.”

ती गेल्यापासून मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतेय. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या सकाळी पाणवठ्याशी मी बसले होते. तू डुरकलास, अगदी जवळ, साठ पावलांवर. फर्नच्या मागे तपकिरी काहीतरी हललं. मला मान दिसली. मान म्हणजे काय, मला मान दिसायला हवी होती, म्हणून दिसली. मी सुरक्षेचा खटका काढला, दुर्बिणीचा काटा त्या तपकिरीवर धरला आणि चाप ओढला.

‘टिक्.’

एवढंच. काडतूस फुसकं निघालं. माझ्या हातानं भरलेलं काडतूस! आदल्या आठवड्यात लोकर कातरण्याचं काम चालू होतं, काडतूस भरताना लोकरीच्या तेलाची बोटं त्याच्या बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला लागली असतील, दुसरं काय. नियमाप्रमाणे मी बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं नाही. फुसकं काडतूस उशिरा उडू शकतं, म्हणून अर्धं मिनिट नळी तशीच समोर धरून बसले. तुझ्याच छातीवर धरून. आणि त्या अर्ध्या मिनिटात तू गोळी झाडलीस.

तू न बघता चाप ओढलास, पण नंतर. पहिल्यांदा मी ओढला. माझी बोटं धुतलेली असती तर तू त्या फर्नमध्ये जागच्या जागी पडला असतास, आणि तुला पाठीवर घेण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

हॉस्पिटलात पोलीस आला तेव्हा मी सांगणार होते. पण त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमच्यावर गोळी झाडणाऱ्याबद्दल तक्रार आहे का?’ आणि मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप होत गेलं. तुझा परवाना गेला. मार्लीन म्हणाली, इथे राहायचं नाही. मला क्लबात बोलावलं, मग शाळेत. लोक टाळ्या वाजवायचे. मला आवडायचं, नेव्ह. नाकानं कांदे सोलायला मला फार आवडायचं.

हे पत्र आत्ता पेटीत टाकते. सोमवारी ग्लेनिसकडे जाईन. पत्र आधी गेलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. माझाही परवाना जाईल, बंदूक-दुरुस्तीचं काम जाईल, वर्ग तर जाणारच. जाऊ दे. तुझा अर्ज मात्र एकट्या दोषी माणसाचा अर्ज म्हणून वाचला जायचा नाही.

माफ कर, असं लिहिणार होते. पण माफी पत्रातून मागायची नसते.

रेव

तायहापे,
२६ एप्रिल

नेव्ह,

मी सोमवारी गेले. ग्लेनिसनं सगळं ऐकून घेतलं, कप बाजूला सारला आणि विचारलं, “रेविन, हे मी कागदावर घेऊ का?” मी म्हटलं, “घे. स्पेलिंग नीट लिही.” दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी येऊन सहाही रायफली घेऊन गेली, बाबांची ३०३ सुद्धा. तुझ्यासाठी कापलेली ३०८ही गेली. पावती मिळालीय. निकाल लागेपर्यंत परवाना स्थगित.

गुरुवारी क्लबात उभी राहिले आणि चाळीस माणसांसमोर तेच सांगितलं. या वेळी बटण काढलं नाही. बोलून झाल्यावर दोघेजण उठून निघून गेले. म्हातारा कॉलिन शेवटच्या रांगेतून म्हणाला, “बये, हे अकरा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर आम्ही तुझा वर्ग जास्त लक्ष देऊन ऐकला असता.” अध्यक्षांनी माझे आभार मानले आणि वर्गाच्या किल्ल्या मागून घेतल्या. मी दिल्या. घरी येऊन गाढ झोपले, एवढी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आणि काल तुझं पत्र आलं.

मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. ‘रेव, मला माहीत होतं. तुला पाठीवर घ्यायच्या आधी तुझी रायफल रिकामी केली, तेव्हाच काडतुसाच्या टोपीवर चाप ओढल्याचा खळगा पाहिला. काडतूस ओढ्याच्या खोल पाण्यात फेकून दिलं. दोघांचेही परवाने गेले असते तर आईला मटण कोणी आणून दिलं असतं?’

मेल्या! अकरा वर्षं! न्यायाधीशापुढे मान खाली घालून उभा राहिलास, मी तिकडून बोट दाखवत होते, आणि तुला माहीत होतं? मी गावोगाव तुझ्या नावानं बोंब मारत हिंडले, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तो तुला कोणीतरी पाठवलाही असेल, आणि तुला माहीत होतं? परवा सही मागताना तरी एक शब्द टाकायचास! टाकला असतास तर पहिल्याच टपालानं सही आली असती. म्हणूनच टाकला नाहीस, कळतंय मला. सही मी आपणहून द्यावी, भीतीनं देऊ नये, असंच ना? मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून ढसाढसा रडले. साठी उलटलेली बाई, कुत्रासुद्धा घाबरून बाहेर गेला.

मार्लीनला माहीत होतं का? असणार. म्हणूनच तिला मी कधी आवडले नाही. तिची मी माफी मागायची राहिली.

आता पुढचं. ग्लेनिस तुला फोन करणार आहे. आधी माझ्या डोक्यात आलं की तुला बजावावं, तिला यातलं काही सांगू नकोस. काडतूस फेकलंस म्हणजे पुरावा दडवलास, त्यावरूनच तुझा अर्ज फेटाळतील. अर्धं पान तसं लिहिलंही होतं. मग ते फाडून चुलीत घातलं. बघ, खोड जाता जात नाही.

तर सांग तिला. सगळं सांग, ओढ्यातलं काडतूससुद्धा. परवाना मिळाला तर टोळीत जा, नाही मिळाला तर कॉलिनचा गडी काम सोडून गेलाय, मेंढ्यांना माणूस हवाय, आणि रुआहिनेची हरणं दुसरं कोणीतरी मारेल. दोघांनाही नाही मिळाला तर आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघं खाटकाकडून विकत आणून मटण खाऊ. मिळो न मिळो, तू ये. माझ्या सहीसाठी नको, टोळीसाठी नको, मला तू इथे हवा आहेस म्हणून ये.

पत्रं आता पुरे झाली, नेव्ह. रविवारी फोन कर. अकरा वर्षांत तुझा आवाज ऐकला नाही, आणि त्या सकाळी ओढ्यावर ऐकला तेव्हा तो तुझा आहे हे मला ओळखता आलं नव्हतं.

रेव